मोनॉन बेलची गेम बघायला जाताय? मग बॉलकडे नाही, लाइनकडे बघा

इंडियानात राहणारे आपले बरेच जण, त्यातही पर्ड्यूला शिकायला आलेली मुलं, अमेरिकन फुटबॉल बघायचा म्हटलं की थेट रॉस-एड स्टेडियम गाठतात, साठ हजार लोकांत पार वरच्या रांगेत बसतात, खाली काय चाललंय ते दिसत नाही म्हणून अर्धी गेम मोठ्या स्क्रीनवरच बघतात आणि मग सांगतात की हा खेळ सारखा थांबतो, मजा नाही येत. माझं मत अगदी स्पष्ट आहे. पहिली गेम छोट्या कॉलेजची बघा. आणि छोट्या कॉलेजची बघायची तर सीझनच्या शेवटची बघा, नोव्हेंबरातली, डीपॉ विरुद्ध वॉबॅश. खाली जे लिहिलंय ते ज्यांना या खेळातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आहे, पण ज्यांना थोडंफार कळतं त्यांनीही लाइनबद्दलचा भाग वाचा.

आधी ही गेम काय आहे ते. वॉबॅश कॉलेज क्रॉफर्ड्सव्हिलला, १८३२ सालचं, आजही फक्त मुलांचं, साधारण आठ-नऊशे विद्यार्थी. डीपॉ युनिव्हर्सिटी ग्रीनकॅसलला, १८३७ची, ती पण छोटीच. दोन्ही गावं यूएस २३१ या एकाच रस्त्यावर, मध्ये पाऊण तासाच्या आतलं अंतर. पूर्वी मोनॉन रेल्वेची लाइनसुद्धा या दोन्ही गावांतून जायची, आणि त्या रेल्वेच्या इंजिनावरची घंटा म्हणजेच मोनॉन बेल, वजन साधारण ३०० पौंड म्हणजे १३५ किलोच्या आसपास, १९३२ पासून जो जिंकेल त्याच्याकडे ती वर्षभर राहते. सामने मात्र त्याच्याही खूप आधीपासूनचे, पहिला १८९० चा. रेल्वे कंपनी १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, घंटा अजून वाजतेय. आता दोन्ही कॉलेजं नॉर्थ कोस्ट अॅथलेटिक कॉन्फरन्स या एकाच गटात आहेत, त्यामुळे बऱ्याच वर्षी या गेमवर घंटेबरोबर कॉन्फरन्सचं विजेतेपदही लटकलेलं असतं, आणि कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला डिव्हिजन थ्रीच्या नॅशनल प्लेऑफमध्ये थेट जागा मिळते. हरणाऱ्याचा सीझन बहुतेक वेळा तिथेच संपतो.

डिव्हिजन थ्री म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण त्यावरच सगळं आहे. इथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, नियमच आहे तसा. म्हणजे समोर जो पोरगा चिखलात पडतोय तो सोमवारी केमिस्ट्रीच्या लॅबला जाणार आहे, आणि फुटबॉलमधून त्याचं करिअर होणार नाही हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत असतं. शेवटच्या वर्षाच्या बहुतेक मुलांसाठी ही आयुष्यातली शेवटची खरी गेम असते, यानंतर हेल्मेट परत कधीच घालायचं नसतं. हे डोक्यात ठेवून बघितलं की प्रत्येक टक्कर वेगळी दिसते.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. तिकीट आधी घ्यायचंच, स्टेडियमं काही हजारांची आहेत आणि माजी विद्यार्थी लांबलांबून येतात, ऐनवेळी गेटवर मिळेल या भरवशावर जाऊ नका. गेम एक वर्ष क्रॉफर्ड्सव्हिलला, एक वर्ष ग्रीनकॅसलला असते, तेव्हा या वर्षी कुठे आहे ते आधी बघून घ्या. मग दोन्ही टीमचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, कॉलेजच्या साइटवरून काढा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचे नंबर कागदावर लिहून घ्या, विशेषतः ५० ते ७९ मधले. का ते पुढे येईलच. आकडे बघायचे तर तीनच बघा, थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, किती वेळा यश आलंय, बॉल किती वेळा हातचा गेलाय आणि किती वेळा हिसकावलाय, आणि पळून किती यार्ड मिळवलेत. नोव्हेंबरच्या वाऱ्यात लांब पासवर, म्हणजे बॉल फेकून झेलण्यावर, जगणारी टीम अडचणीत येते, म्हणून तो तिसरा आकडा महत्त्वाचा.

नियम पाच मिनिटांत. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर चार चेंडूंची ओव्हर समजा, त्या चार चेंडूंत दहा यार्ड पुढे गेलात तर नवी ओव्हर तुमचीच, नाही गेलात तर बॉल समोरच्याला. त्या चार प्रयत्नांना डाउन म्हणतात. एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, बॉल नेला की टचडाउन, सहा पॉइंट, त्यानंतर किक मारून एक किंवा परत एकदा घुसून दोन. लांबून किक मारून फील्ड गोल, तीन. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. पिवळा फ्लॅग पडला की काहीतरी चूक झाली, कोणाची ते रेफ्री हाताने दाखवतो, पहिल्या दिवशी त्यात फार डोकं घालू नका. एवढं पुरे, खरंच पुरे, बाकीचं बघता बघता कळतं.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस बॉलकडे बघतो आणि बॉल तर लपवण्यासाठीच असतो, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन खेळ चालवणारा, एकाच्या पोटात दिल्यासारखं करतो आणि काढून घेतो, आपण चुकीच्या माणसामागे नजर फिरवत बसतो आणि तोवर प्ले संपलेला असतो. त्याऐवजी मधल्या पाच जणांकडे बघा, हीच ती लाइन. बॉल जो मागे देतो तो सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. यांचे नंबर ५० ते ७९ मध्ये असतात आणि या नंबरांना एरवी पास झेलायची परवानगी नाही, त्यांचं काम फक्त समोरच्याला अडवणं. टीव्हीवर यांची नावं क्वचितच घेतली जातात पण गेम तिथेच ठरते. बॉल सुटल्या क्षणी हे पाच जण पुढे घुसले तर रन आहे, म्हणजे बॉल घेऊन पळणार, मागे सरकून भिंत उभी केली तर पास आहे. एवढी एक गोष्ट धरून ठेवलीत तर पहिल्या क्वार्टरच्या शेवटी तुम्ही शेजारच्याच्या आधी सांगायला लागाल. फसवाफसवी असते, पासचं नाटक करून रन, रनचं नाटक करून पास, पण दहातल्या बहुतेक वेळा पाय खरं बोलतात.

याच्याही पुढे जायचं असेल तर बॉल सुटायच्या आधी गार्डचा हात बघा. तो खाली वाकून एक हात जमिनीला टेकवतो. त्या हातावर खरंच भार असेल तर बोटांची टोकं पांढरी पडतात, पाठ पुढे झुकते, टाचा वर उचललेल्या असतात, म्हणजे गडी पुढे झेपावणार, रन. हात नुसता टेकवल्यासारखा असेल, सगळं वजन टाचांवर आणि ढुंगण खाली, म्हणजे तो मागे जायच्या तयारीत आहे, पास. चांगले कोच पोरांना हे लपवायला शिकवतात, म्हणून सप्टेंबरमध्ये हे फारसं दिसत नाही, पण दहाव्या गेमला, गुडघे दुखत असताना, थंडीत, चौथ्या क्वार्टरमध्ये, दमलेलं शरीर लपवायचं विसरतं. साठ हजारांच्या स्टेडियममधून हे कधीच दिसणार नाही. इथे दिसतं, कारण तुम्ही कुंपणापासून जेमतेम काही यार्डांवर उभे असता, हेल्मेटच्या जाळीतून निघणारी वाफ दिसते, पॅडवर पॅड आपटल्याचा आवाज छातीत बसतो. आणि तो शेवटच्या वर्षाच्या मुलांचा कागद काढा आता. चार वर्षं रोज मार खाऊन ज्याचं नाव पेपरात आलं नाही असा लेफ्ट गार्ड शोधा आणि एक अख्खा ड्राइव्ह, म्हणजे त्याच्या टीमकडे बॉल असेपर्यंतचा सलग खेळ, फक्त त्याच्याकडे बघत काढा. मला विचाराल तर या खेळात याहून सुंदर काही नाही.

मग थंडी आणि वारा. नोव्हेंबरच्या मध्यात मध्य इंडियानात दुपारीसुद्धा पाच-दहा डिग्री आणि सपाट शेतांवरून येणारा वारा, तो गेममध्ये बारावा खेळाडू असतो. स्टेडियममध्ये शिरल्या शिरल्या गोलपोस्टच्या टोकाला बांधलेल्या रिबिनी बघा, कुठल्या दिशेला उडतायत. फील्ड गोलचं गणित सोपं आहे, बॉल गोललाइनपासून जितक्या यार्डांवर आहे त्यात सतरा मिळवा, म्हणजे पंचवीसवर असेल तर बेचाळीस यार्डांची किक. थंडीत बॉल कडक होतो, कमी उडतो, आणि या लेव्हलला बेचाळीस यार्ड वाऱ्याविरुद्ध म्हणजे भरवसा नाही. म्हणून मोठ्या गेममध्ये जिथे कोच डोळे झाकून किक मारायला पाठवेल तिथे इथे चौथ्या डाउनला खेळायचं ठरवलं जातं, आणि ते चौथे डाउन हे या गेमचं खरं नाट्य. चौथा डाउन, दोन यार्ड हवेत, पंट करणारी, म्हणजे लाथ मारून बॉल लांब समोरच्याकडे देणारी, टीम मैदानात येत नाहीये असं दिसलं की जे काही खाताय ते खाली ठेवा आणि उभे राहा.

शेवटच्या क्वार्टरमध्ये स्कोअरइतकंच घड्याळ बघायचं. दर हाफला प्रत्येक टीमला तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायच्या संधी, ते कोणाकडे किती उरलेत हे स्कोअरबोर्डवर असतं, लोक बघतच नाहीत. दोन प्लेमध्ये चाळीस सेकंदांपर्यंत वेळ घालवता येतो, त्यामुळे शेवटची दोन मिनिटं उरली असताना पुढे असलेल्या टीमकडे फर्स्ट डाउनला बॉल असेल आणि समोरच्याकडे टाइमआउट शून्य असतील तर गेम संपली, क्वार्टरबॅक नुसता गुडघा टेकत राहील आणि घड्याळ संपेल. पण समोरच्याकडे तीनही टाइमआउट असतील तर काहीच संपलेलं नाही. जास्तीत जास्त लोक पार्किंगची गर्दी टाळायला याच वेळी उठतात, तुम्ही उठू नका. २००१ मध्ये क्रॉफर्ड्सव्हिलला २१-२१ अशी बरोबरी होती, काही सेकंद उरलेले, वॉबॅशच्या क्वार्टरबॅकने बॉल जीव खाऊन लांब फेकला, गर्दीत उडी मारलेल्या एका रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, तो झेलण्याऐवजी हाताने बाजूला ढकलला, दुसऱ्या वॉबॅशवाल्याने तो पकडला आणि एंड झोनमध्ये घुसला, २७-२१. तिथले लोक त्याला नुसतं द कॅच म्हणतात, कोणी विचारत नाही कुठला.

बसायचं कुठे? पहिला हाफ सगळ्यात वरच्या रांगेत, मध्याच्या आसपास, म्हणजे लाइन कशी उघडते-मिटते ते वरून दिसतं. चौथा क्वार्टर खाली, कुंपणापाशी. कपडे थरावर थर, थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कान झाकणारी टोपी, आणि बाक धातूचा असेल तर थंडी खालून चढते म्हणून घडी केलेलं ब्लँकेट किंवा उशी न्या. पायात दोन जोड मोजे. बॅग किती मोठी चालते, बाहेरचं खाणं आत नेता येतं का, हे साइटवर बघून जा. गेमच्या आधी पार्किंगमध्ये टेलगेट असतं, लोक गाडीची डिकी उघडून शेगड्या मांडतात, चौकशी केलीत की हातात प्लेट देतात. आपण पण डबाभर थालीपीठं न्यावीत, दही आणि लोणचं बरोबर, गप्पा लगेच सुरू होतात. वॉबॅशवाले लाल, डीपॉवाले सोनेरी-काळे. एक बाजू निवडा आणि त्या रंगाचं काहीतरी घाला. तटस्थ राहून ही गेम बघता येते, पण घंटा तुमच्यासाठी वाजत नाही.

घंटेवरून आठवलं, ती चोरायची परंपराही जुनी आहे. १९६५ मध्ये वॉबॅशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेला पाहुणा असल्याचं सोंग करून थेट डीपॉच्या अध्यक्षांची भेट घेतली, घंटा कुठे आहे ते काढून घेतलं, आणि मग मित्रांनी ती रात्रीत उचलली. नंतर ती परत करावी लागली. गेमच्या आठवड्यात कॅम्पसवर रात्री पोरं पहारा देताना दिसली तर ते यासाठी.

गेम संपल्यावर किमान वीस मिनिटं थांबा. जिंकलेली टीम धावत घंटेकडे जाते, एका बाजूला लाल रंगावर वॉबॅशचं अक्षर, दुसऱ्या बाजूला सोनेरीवर डीपॉचं, आणि सगळे आळीपाळीने ती वाजवतात. पण हरलेल्यांकडेही बघा, तिकडे आईवडील मैदानात उतरलेले असतात. मगाशी ज्या गार्डकडे बघत होतात तो सापडला तर जवळ जाऊन त्याच्या जर्सीचा नंबर घेऊन सांगा की तुझा खेळ बघितला. या पोरांना हे कोणी सांगत नाही.

जायचं कसं: इंडियानापोलिसहून क्रॉफर्ड्सव्हिलला आय-७४ ने आणि ग्रीनकॅसलला आय-७० च्या बाजूने, दोन्हीकडे साधारण तास. लफायेटहून सरळ २३१ ने दक्षिणेला, आधी क्रॉफर्ड्सव्हिल लागतं. पर्ड्यूच्या मुलांनी चार-पाच जणांत एक गाडी करावी. नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि हाच हरणांचा रस्ते ओलांडायचा मोसम असतो, तेव्हा परतताना २३१ वर वेग कमी ठेवा आणि एक हरीण गेलं की मागून दुसरं येणार हे धरूनच चला. आणि तिकीट नाहीच मिळालं तर कॉलेजच्या साइटवर लाइव्ह कुठे दिसेल ते बघा, चार मित्र बोलवा, आणि स्क्रीनवर पण त्या पाच जणांकडेच बघा.