‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच

आकाशनिरीक्षणात नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच असतं: आपल्या हातून एखादा अतिनवतारा (स्फोट होऊन अचानक उजळलेला तारा) सापडावा. माझ्याही होतं. इच्छा वावगी नाही, पण रात्रभर आकाश विंचरून काढणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणींशी शर्यत लावून सुरुवात करू नका. त्यांना जमत नाही ते करा. मोठ्या सर्वेक्षणांचे कॅमेरे इतके संवेदनशील असतात की ठळक तारा त्यांत पांढराफटक पडतो, त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका लहान तितका तारा ठळक) मोजताच येत नाही. शिवाय तोच भाग पुन्हा टिपायला त्यांना बऱ्याचदा काही रात्री लागतात. मधल्या काळात काय घडलं?

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातले व्हिक्टर बुसो यांचं उदाहरण मी प्रत्येक नवख्याला सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये ते नवा कॅमेरा तपासायला एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे लागोपाठ फोटो घेत होते. सुरुवातीच्या फोटोंत काहीच नव्हतं, मग एक ठिपका उमटला आणि बघता बघता वाढत गेला. ताऱ्याच्या स्फोटाचा धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर पडतानाचा तो प्रकाश होता. ठिपक्याचं कौतुक सगळे करतात, पण स्फोटाची वेळ इतकी नेमकी ठरली ती आधीच्या रिकाम्या फोटोंमुळे.

म्हणून वहीत ‘दिसला नाही’ एवढंच लिहून थांबू नका. त्याच भागातला सगळ्यात मंद कोणता तारा दिसला, त्याची प्रत लिहा आणि वेळ जागतिक वेळेत (यूटीसी) टाका. मग त्या नोंदीला किंमत येते.

सरावासाठी उत्तर मुकुट तारकासमूह उत्तम. त्यातला ‘आर’ तारा एरवी सहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे साध्या द्विनेत्रीत दिसणारा. पण स्वतःच फेकलेल्या काजळीने तो अचानक झाकोळतो, आणि कधी ते कोणी सांगू शकत नाही. शेजारचा ‘टी’ उलट्या स्वभावाचा: एरवी दहाव्या प्रतीचा, पण १८६६ आणि १९४६ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका भडकलेला. दोघांचे नकाशे ‘आव्सो’ (ही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची १९११ पासूनची संघटना) मोफत देते. नकाशात ताऱ्याशेजारी ९८ लिहिलेलं दिसेल, ते ९.८ समजा. दशांशचिन्हाचा ठिपका तारा वाटू नये म्हणून गाळलेला असतो. किंचित उजळ आणि किंचित मंद असे दोन तुलनातारे (नकाशात प्रत दिलेले तारे) निवडा आणि आपला तारा त्यांच्यात कुठे बसतो ते ठरवा. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहू नका, तो उगाच उजळ वाटत जातो.

खरंच काही नवं दिसलं तर? आधी दुसरा फोटो घ्या, दुर्बीण थोडी सरकवून. कॅमेऱ्यातला दोष असेल तर ठिपका ताऱ्यांबरोबर हलणार नाही. मग लघुग्रह आणि ग्रह तपासा. हसू नका, २०१८ मध्ये एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने नवा तेजस्वी तारा म्हणून चक्क मंगळ जाहीर केला होता! एवढ्यातून पार पडलं तर मात्र सकाळची वाट न पाहता ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर (अशा नव्या शोधांची नोंद करणाऱ्या संकेतस्थळावर) कळवा, कारण मोठ्या दुर्बिणीला वर्णपट घ्यायला पहिले काही तासच मोलाचे असतात.

रोजच्या नोंदींबाबत एकच पथ्य. ‘आव्सो’कडे पाठवण्याआधी इतरांचे आकडे पाहू नका, डोळा तिकडेच झुकतो. तुमचा आकडा नंतर वेगळा ठरला तर तुलनातारे पुन्हा पडताळा. ते बरोबर असतील तर आकडा बदलू नका.