थायरॉईडची गोळी लागू पडत नाही असं वाटतंय? आधी या चुका टाळा

माझं थायरॉईड कमी असल्याचं निघालं तेव्हा धाकटी आठ महिन्यांची होती. दिवसभर अंगात त्राण नाही, मे महिन्याच्या उकाड्यात पहाटे गोधडी लागायची, आणि न्हाणीच्या जाळीत रोज केसांचा पुंजका. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) 18 आला, 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दीड महिन्याने 9, म्हणून 75 केली, तर 8, मग 100 केली तरी 7 च्या खाली काही येईना. मला वाटायला लागलं की ही गोळीच मला लागू पडत नाही, कंपनी बदलायला हवी, कुठलं तरी वेगळं औषध हवं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते मला क्रमाने सांगा.

आणि त्यातच सगळं सापडलं. आमच्या मालवणकडच्या घरात सकाळी पेज असते, आणि सासूबाईंचं रोजचं एकच म्हणणं, "आधी पेज जेव गो, मगे गोळी घे." रिकाम्या पोटी औषध घेतलं की पोटात आग पडते हे त्या मायेने सांगायच्या, आणि बाकीच्या बऱ्याच गोळ्यांना ते लागूही आहे. पण थायरॉक्सिनचं, म्हणजे या थायरॉईडच्या गोळीचं, नेमकं उलटं आहे. ही गोळी रिकाम्या पोटीच नीट शोषली जाते. मी पेजेवर थायरॉईडची गोळी आणि त्याच घोटाबरोबर बाळंतपणापासून चालू असलेली कॅल्शियमची गोळी घेत होते, म्हणजे वर्षभर निम्मं औषध वायाच जात होतं म्हणा ना.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: गोळी कशाबरोबर घेतो ते न बघणं

सकाळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि मग किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, काही नाही. चहा कॉफीसुद्धा नाही. आपल्याकडे उठल्यावर पहिला चहाच लागतो त्यामुळे हे जड जातं, मला माहितीये, पण तेवढ्या वेळात केर काढा, अंगण सारवा, पाणी भरा, वेळ जातो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तासांनीच, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं जातच नाही. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेलं. मल्टीव्हिटॅमिनमध्ये पण लोह कॅल्शियम असतं, ते विसरू नका. ॲसिडिटीची पातळ औषधं पण चार तास लांब ठेवा. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होऊन ही गोळी कमी शोषली जाते, तिथे नुसतं अंतर ठेवून भागत नाही, डोस बघावा लागतो, म्हणून डॉक्टरना सांगाच.

सकाळ जमतच नसेल, म्हणजे नवरा बोटीवर जातो म्हणून तीनला उठायचं, डबे करायचे, तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत. आज सकाळी उद्या रात्री असं मात्र नको.

आणि हे महत्त्वाचं, पद्धत सुधारल्यावर सहा आठवड्यांनी परत तपासा. माझी 100 ची गोळी नीट शोषली जायला लागली तसं टीएसएच 0.2 वर गेला, छातीत धडधड, हात थरथरायला लागले, रात्री टक्क जागी. कारण तो डोस चुकीच्या पद्धतीवर वाढवलेला होता. आता 75 वर स्थिर आहे, त्याच कंपनीच्या त्याच गोळीवर.

पंधरा दिवसांत निकाल मागणं

थायरॉक्सिन शरीरात सावकाश साठतं आणि सावकाश उतरतं, त्यातलं निम्मं संपायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलला की त्याचा खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो. मधेच आपल्या मनाने अर्धी जास्त घ्यायची, बरं वाटलं की सोडायची, असं केलं तर कुठला डोस बरोबर हे कोणालाच कळणार नाही. याच कारणाने एखाद दिवस गोळी चुकली तर घाबरायचं पण कारण नाही, त्याच दिवशी आठवली की पोट रिकामं बघून घ्या. हरतालिकेचा निर्जळी उपवास असेल तर काय करायचं ते आधीच डॉक्टरना विचारून ठेवा. साध्या उपवासाला पाण्याबरोबर गोळी घ्यायचीच.

बाटली न वाचता गोळी घेणं

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून वर्षभराचं औषध मागवायची आपल्याकडे पद्धत. माझ्या चुलत जावेला भाच्याने मुंबईहून आणून दिलं, तिला लागायची 12.5 आणि आली 125. एका टिंबाचा फरक, पण दहापट डोस! तिने पहिल्याच दिवशी बाटली वाचली म्हणून निभावलं. ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, 12.5, 25, 50, 62.5, 75, 88, 100 आणि त्यापुढेही, आणि बाटल्या दिसायला सारख्याच. जुनी 50 ची संपली नसताना नवीन 75 ची घरात आली तर जुनी वेगळी काढून ठेवा.

कंपनीचं पण तेच. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, सगळ्यात औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. कुठली चांगली यावर बायका तास तास बोलतात, माझं मत आहे की जी आपल्या गावच्या मेडिकलवर बारा महिने मिळते ती चांगली. एक धरा आणि तीच ठेवा, कारण थोड्याशा फरकानेसुद्धा काहींचा टीएसएच हलतो. बदलावीच लागली तर सहा आठवड्यांनी तपासणी.

आता पावसाळा. आपल्या हवेत मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, मग ही गोळी कशी टिकणार? ऊन, उजेड, दमट हवा तिन्ही तिला चालत नाहीत. मी एकदा आठवड्याच्या सात खणी डबीत गोळ्या भरून खिडकीत ठेवल्या होत्या, जुलै होता, चौथ्या दिवशी त्या बोटाला भुगा लागण्याइतक्या मऊ झाल्या. तेव्हापासून मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता, कपाटात आतल्या बाजूला. चुलीजवळ किंवा न्हाणीत नको.

तपासणीच्या दिवशी

रक्त देऊन मग गोळी घ्या, आणि दरवेळी साधारण त्याच वेळी, जमल्यास त्याच लॅबमध्ये द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन तीन दिवस आधी बंद करा, त्याने काही मशीनवर रिपोर्ट चुकतो, टीएसएच खोटा कमी दिसू शकतो.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरी थकवा असेल तर लगेच डोस वाढवून मागू नका. हिमोग्लोबिन, बी12, साखर बघा, झोप बघा. डुकराच्या थायरॉईड ग्रंथीपासून केलेल्या गोळ्या बाहेरदेशी मिळतात, कोणाचा तरी नातेवाईक पाठवतो म्हणतो. त्यात टी3 चं (थायरॉईडच्याच दुसऱ्या हार्मोनचं) प्रमाण आपल्या शरीरातल्यापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून त्या आपल्या मनाने नकोत. वेगळी टी3 घ्यायची की नाही हा निर्णय पण हार्मोनच्या डॉक्टरांचाच. मासे भरपूर खा, कोबी शिजवून खा, काही बिघडत नाही. पण ग्रंथीच मंद झालीय म्हणून वरून आयोडीनचे थेंब घेऊ नका, त्याने उलट जास्त बिघडू शकतं.

वयस्कर माणूस किंवा हृदयाचा त्रास असलेला असेल तर डोस 12.5 किंवा 25 पासून हळूहळूच वाढवतात, तिथे घाई केली तर हृदयावर ताण येतो. आणि गोळी चालू असताना दिवस गेले तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, कळल्या दिवशीच डॉक्टरना फोन करा, कारण डोस बहुतेक वेळा पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. माझ्या नणंदेने रात्री नऊला फोन केला होता, सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी नवा डोस कळला.