सोलापूरच्या उन्हात एसीचं बाहेरचं युनिट कुठे बसवाल?
एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हॉट अँड कोल्ड एसी म्हणजेच हीट पंप. त्यातला व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो, मग हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत येते. १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते, कॉइलच्या हीटरमधून जेमतेम १.

पण आपल्या सोलापुरात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पारा ४३ अंशांवर गेला की बाहेरच्या युनिटला उष्णता टाकणंच जड जातं. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली कोंडून ते बसवू नका! उत्तरेला, सावलीत, समोर मोकळी हवा ठेवा. उन्हाळ्याआधी वीज बंद करून त्याच्या जाळीतली धूळ हलक्या धारेने धुवा. थंडीत नुसती गोधडी पुरत असेल, तर साधा कूलिंगचा एसीच घ्या.