परदेशात चॅरिटीच्या इव्हेंट्समध्ये इंटर्नशिप करताय? मी केल्या त्या चुका टाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी अमळनेरला आले होते तर गल्लीतल्या दोन पोरी आणि चोपड्याचा एक मुलगा असे तिघं भेटायला आले, तिघंही सप्टेंबरच्या बॅचला यूकेला चाललेत, आणि तिघांनाही शिकता शिकता मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत फंडरेझिंग, म्हणजे दान जमवायच्या, इव्हेंट्सची इंटर्नशिप करायचीय. मी अशी इंटर्नशिप आठ महिने केलीय, इंग्लंडमधल्या एका शहरात. संस्थेचं नाव राहू द्या, चुका बहुतेक माझ्याच होत्या. पोरांना ओट्यावर बसून जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते.

माझी आजी फोनवर विचारायची, "वं माय, तू तठे जाईसन लोकेसकडे पैसा मांगस?" मी म्हणायचे, हो गं आजी, गणपतीच्या वर्गणीसारखंच असतं. आणि इथेच सगळं चुकत गेलं. वर्गणी आपण ओळखीच्यांकडे मागतो, हक्काने, थोडं दामटून, काका ५१ म्हणाले तरी आपण १०१ ची पावती फाडतो आणि काका कुरकुरत देतात. तिकडे समोरचा "नो, थँक यू" म्हणाला की विषय संपला. मी पहिल्याच शनिवारी एका बाईंच्या मागे दान गोळा करायची बकेट घेऊन चार पावलं गेले, "ओन्ली वन पाउंड मॅडम" करत. सुपरवायझरने बाजूला घेऊन सांगितलं की दान मागताना कुणाच्या मागे लागणं, भरीस घालणं तिथल्या फंडरेझिंगच्या नियमांत बसत नाही, तक्रार झाली तर संस्थेवर येते.

व्हिसाचे तास नीट न मोजणं

ही चूक सगळ्यात महाग पडू शकते. स्टुडंट व्हिसावर डिग्री करणाऱ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि आपल्या पोरांना वाटतं की इंटर्नशिप बिनपगारी आहे म्हणजे ती त्यात धरत नसतील. धरतात भो! ठरलेली ड्युटी, ठरलेले तास, करारासारखं काही असेल तर ते 'व्हॉलंटरी वर्क', ते २० तासांत मोजलं जातं. जमेल तेव्हा येऊन मदत केली तर ते 'व्हॉलंटिअरिंग', ते मोजत नाहीत. ऐकायला सारखंच वाटतं पण फरक मोठा आहे, म्हणून तुमचं काम कशात बसतं हे युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लिहून घ्या. माझे कॅफेत १४ तास होते आणि एका आठवड्यात इव्हेंटचे ८ झाले असते, म्हणजे २२. बरं, पुढच्या आठवड्यात कमी करून ॲव्हरेज काढू असंही चालत नाही, सोमवार ते रविवार प्रत्येक आठवडा वेगळा. मी कॅफेची एक शिफ्ट सोडली. वहीत रोजचे तास लिहायला लागले ते तेव्हापासून.

आणि कुणी एजंट म्हणत असेल की व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे इंटर्नशिप लावून देतो, तर पैसे देऊ नका. व्हिजिटरला फार तर रजिस्टर्ड चॅरिटीत मिळून ३० दिवस व्हॉलंटिअरिंग करता येतं, तेही दुसऱ्या कारणाने गेलेला असेल तर. संस्था खरी आहे का हे बघायला चॅरिटी कमिशनच्या (संस्थांवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं) वेबसाईटवर संस्थेचा नोंदणी नंबर टाकला की हिशोबासकट दिसतं, पाच मिनिटांचं काम.

पत्ता न घेणं

गिफ्ट एड म्हणून एक भानगड आहे. दान देणारा तिथे टॅक्स भरत असेल आणि त्याने तसं डिक्लरेशन दिलं तर संस्थेला प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स वरून मिळतात, म्हणजे १० पाउंडाचे साडेबारा. पण त्यासाठी नाव आणि घरचा पत्ता पाहिजे. आमच्या स्पॉन्सर्ड वॉकचा (आपण चालायचं आणि त्यासाठी लोक दान देतात) फॉर्म घेऊन मी फिरले आणि वर्गणीच्या पावतीसारखं नाव आणि रक्कम एवढंच लिहून घेतलं. ४०० पाउंड जमले, पत्ता एकाचाही नाही, १०० पाउंड पाण्यात. नंतर एकेकाला गाठून पत्ते मागितले, काहींनी दिले, काहींनी माझ्याकडे संशयाने बघितलं. उलट चूकही करू नका, आपल्यासारखे स्टुडंट टॅक्सच भरत नसतील तर त्यांच्याकडून उगाच टिक करून घ्यायची नाही. आणि इव्हेंटचं तिकीट किंवा रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, कुपन हे दान धरत नाहीत, त्यावर गिफ्ट एड मिळत नाही.

रॅफलवरून आठवलं. आपल्याकडे मंडळाची सोडत असली की महिनाभर आधी कुपनं खपवतात, मी पण आठवडाभर आधी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकायला काढली. तिथे रॅफल म्हणजे कायद्याने लॉटरी! इव्हेंटच्या ठिकाणी, इव्हेंट चालू असतानाच कुपनं विकली तर लायसन्स लागत नाही, पण आधीपासून बाहेर विकायची तर संस्थेची लोकल कौन्सिलकडे (आपल्या नगरपालिकेसारखी) नोंदणी लागते. आमची नव्हती. अकरा जणांचे पैसे परत केले. विकून बसला असाल तर हेच करा, लगेच, आणि सुपरवायझरला सांगून.

बकेट उघडणं

बकेट सीलबंद असते, ती वाटेत उघडायची नाही, कितीही जड झाली तरी. मोजताना दोन माणसं पाहिजेत आणि दोघांच्या सह्या. रस्त्यावर उभं राहायचं तर कौन्सिलचं परमिट, सुपरमार्केटच्या दारात उभं राहायचं तर त्यांची परवानगी, आणि तो कागद खिशात. चिल्लर बँकेत द्यायची तर छोट्या प्लास्टिक पिशव्या मिळतात, प्रत्येक नाण्याची पिशवी वेगळी आणि रक्कम ठरलेली: १ पाउंडाच्या नाण्यांची पिशवी २० पाउंडांची, २० पेन्सच्या नाण्यांची १० पाउंडांची, तांब्याच्या रंगाच्या १ आणि २ पेन्सची फक्त १ पाउंडाची. मी पहिल्यांदा सगळी सरमिसळ भरली होती, बँकेतल्या काउंटरवर परत ओतून बसले आणि मागे रांग.

सगळ्यात मोठी चूक, गोष्ट विकणं

हे लिहायला जड जातंय पण लिहिते. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्या आठवड्यात आमचा एक डिनर होता. कुणीतरी म्हणालं, तू कापूस पिकवणाऱ्या भागातून आलीस ना, तिथल्या शेतकऱ्यांबद्दल दोन मिनिटं बोल. मला भारी वाटलं. मी आमच्या ओळखीच्या एका काकांबद्दल बोलले, गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, ते गेले तेव्हा घरात काय परिस्थिती होती सगळं सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी, देणग्या पण आल्या. संस्थेच्या पेजवर व्हिडिओ पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गावातल्या ग्रुपवर. संध्याकाळी काकूंचा फोन आला. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बेटा, पोरीची सोयरीक चालू आहे, एकदा विचारायचं होतं." मी व्हिडिओ काढायला लावला, त्याच रात्री निघाला, पण जो फॉरवर्ड झाला तो झाला.

तर कुणाचीही गोष्ट सांगायची असेल तर त्या माणसाची, तो नसेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या. कुठे दिसणार आणि किती दिवस राहणार हे त्यांना आधी सांगा, आणि ते मधेच नाही म्हणाले तर काढून टाका. नाव आणि गाव बदललं तरी आपल्या भागात चार खुणांवरून लोक ओळखतात, हे तिकडच्या टीमला कळत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं. कसे गेले, कशाने गेले हे कधीच सांगायचं नाही, ऐकणाऱ्यांत कुणी त्याच विचारात असू शकतं. 'कमिटेड सुसाईड' हा शब्दही तिथे टाळतात, कारण 'कमिट' गुन्ह्यासाठी वापरतात आणि इंग्लंडमध्ये आत्महत्या हा १९६१ पासून गुन्हाच नाहीये. 'डाइड बाय सुसाईड' म्हणतात. पोस्टरवर डोकं धरून अंधारात बसलेल्या माणसाचा फोटो पण नको, मी टाकला होता, एका व्हॉलंटिअरने विचारलं, "मी रोज असाच दिसतो का?"

स्टॉलवर कुणी येऊन स्वतःचं दुःख सांगायला लागलं तर काय? हे हमखास होतं, आणि आपण सायकॉलॉजी शिकलोय म्हणून सल्ला द्यायला जातो. नको. शांत ऐकायचं, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि संस्थेत त्यासाठी नेमलेलं माणूस असतं त्याच्याकडे न्यायचं. समॅरिटन्सचा (खचलेल्या माणसाचं ऐकून घेणारी तिथली हेल्पलाइन) ११६ १२३ नंबर फुकट आणि चोवीस तास असतो, तो पाठ करा, जिवाला लगेच धोका वाटला तर ९९९, तो तिथला इमर्जन्सी नंबर. आणि ऐकून तुम्हालाच झोप लागेना तर सुपरवायझरला सांगा, लाजू नका. मी घरी सांगत नव्हते, उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, मला मोकळं व्हायचं असायचं तेव्हा आई झोपलेली असायची. इथे भारतात असताना कुणाला लागला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

भरीत

फूड स्टॉलवर मी भरीत ठेवलं. असोद्याची हिरवी वांगी नाहीत, पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ नाही, ओव्हनमध्ये भाजलेलं, तरी बरं झालेलं. दाणे मात्र आपल्या सवयीने मूठभर टाकले आणि लेबलवर फक्त 'ऑबर्जीन', म्हणजे वांगं, एवढंच लिहिलं. तिकडे १४ ॲलर्जन (ॲलर्जी होऊ शकते असे पदार्थ) सांगावेच लागतात, शेंगदाणा आणि तीळ दोन्ही त्यात आहेत, आणि शेंगदाण्याने माणसं खरंच मरतात. एका पोराच्या आईने विचारलं म्हणून वाचलो. पूर्ण पातेलं मागे घेतलं.

तिथे पैसे जमवून आपल्या गावच्या संस्थेला पाठवू अशी कल्पना पण डोक्यात येते. इथल्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा आपला कायदा) खाली नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी नसेल तर तिला परदेशी देणगी घेता येत नाही, आणि असेल तरी पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. उत्साहात कुणाच्या साध्या खात्यात टाकाल आणि त्या बिचाऱ्या संस्थेला अडचणीत आणाल.

एवढं सगळं ऐकून चोपड्याचा मुलगा म्हणाला, "ताई, पण पगार किती?" पगार नाही रे बाबा. बसभाडं आणि जेवण बहुतेक ठिकाणी देतात, तेही पावती दाखवली तर. मी पहिल्या दोन महिन्यांच्या पावत्या फेकून दिल्या, ३८ पाउंड गेले. फोनमध्ये फोटो काढून ठेवत जा, तिकीट फाटायच्या आधी.