डोळ्याची नस बाहेर पडते ती जागा घरच्या घरी कशी शोधायची

कोरा कागद आडवा घ्या, डावीकडे पेनाने एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर, त्याच रेषेत, वाटाण्याएवढा काळा ठिपका भरा. आता डावा डोळा हाताने झाका, दाबू नका नुसता झाका, आणि उजव्या डोळ्याने फुलीकडे बघत बघत कागद हातभर लांबून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंमीवर आला की ठिपका गायब! अजून जवळ आणला की परत दिसतो.

बऱ्याच जणांची नजर नकळत ठिपक्याकडे पळते आणि मग म्हणतात मला तर दिसतोय. फुली सोडायची नाही. डाव्या डोळ्याचं उलट, उजवा झाकून ठिपक्याकडे बघायचं, फुली गायब होते.

हे का होतं तर डोळ्यातल्या मागच्या पडद्यावरचे १० लाखांच्या आसपास तंतू एका जागी गोळा होऊन नस बनते आणि तिथूनच मेंदूकडे निघते, आणि त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. १६६० च्या दशकात फ्रान्सच्या एड्म मारियॉतने हे शोधलं. पुढे दोन्ही नसा मेंदूच्या खाली एकत्र येतात, तिथे नाकाकडच्या अर्ध्या पडद्याचे तंतू पलीकडे जातात आणि कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात, म्हणून समोरचं डावीकडचं सगळं, दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं, मेंदूच्या उजव्या भागात पोचतं.

आता ठिपक्यातून आरपार एक आडवी रेघ मारा आणि परत करून बघा. ठिपका जातो पण रेघ अखंड दिसते! मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, मेंदू आजूबाजूचं बघून मधली जागा स्वतःच भरून टाकतो.

पण काचबिंदूत हेच नडतं. नस हळूहळू खराब होते, बहुतेक वेळा दुखत नाही, कडेचं दिसणं कमी होत जातं आणि मेंदू तिथेही भरत राहतो म्हणून कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही, उपचाराने पुढचं नुकसान रोखता येतं. कागदावरच्या प्रयोगाने काचबिंदू कळत नाही हं. त्यामुळे चाळिशी झाली असेल, किंवा आईवडील, भाऊबहीण कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नका, डॉक्टरांना डोळ्याचं प्रेशर आणि नस दोन्ही बघायला सांगा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले तर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला सोबत कुणाला तरी न्या.