एसएसडी ४० एमबीवर अडकली? आकडा बघा, दोष सापडेल

पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवी पोर्टेबल एसएसडी (डेटा साठवायचा वेगवान ड्राइव्ह) आणली, खोक्यावर सेकंदाला १०५० एमबी छापलंय आणि कॉपी करताना स्क्रीनवर जेमतेम ४० दिसतायत. लगेच ड्राइव्ह परत करायला पळू नका. ४० हाच आकडा सांगतो की जोडणी यूएसबी २.० या जुन्या, संथ प्रकारावर उतरली आहे आणि ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी (आठ बिटांचा एक बाइट). हातात पडतात ३५ ते ४२. ५ जीबीपीएसच्या (सेकंदाला ५ गिगाबिट) जोडणीवर ४०० ते ४५० एमबी, १० वर हजाराच्या आसपास, २० वर दोन हजारांपर्यंत. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावं त्याच ५ जीबीपीएसची आहेत, त्यामुळे खोक्यावरचं नाव सोडा, जीबीपीएस तेवढे वाचा.

फरक किती पडतो? लग्नाचं २०० जीबी फुटेज ४० एमबीने उतरायला जवळजवळ दीड तास, ४५० ने साडेसात मिनिटं.

आधी मोजमाप नीट करा. ५० जीबीची एकच व्हिडिओ फाइल घ्या. हजारो छोटे फोटो घेतलेत तर वेळ फाइली उघडण्या-मिटण्यात जातो आणि आकडा काहीच सांगत नाही. फाइल जिथून उचलताय तो डिस्कही एसएसडीच हवा. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क स्वतःच शंभर-दीडशेच्या पुढे फारशी जात नाही.

४० दिसले की पहिला संशय केबलवर. फोनच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा फक्त यूएसबी २.० ची असते. ती जाडजूड असो की १०० वॉटची, डेटाच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. ड्राइव्हच्या खोक्यातली केबल लावून बघा. नवी घेताना दुकानदाराला 'फास्ट केबल द्या' म्हणालात तर तो फास्ट चार्जिंगची काढून देईल. '१० जीबीपीएस डेटा' असं स्पष्ट मागा आणि लांबी एक मीटरच्या आत ठेवा.

केबल बरोबर असूनही ४० येत असतील तर प्लग कसा घालताय ते बघा. टाइप-ए (नेहमीच्या चौकोनी) प्लगमध्ये जुन्या यूएसबीचे चार संपर्क पुढे आणि वेगवान पाच मागे असतात. प्लग हळूहळू सरकवला की पुढचे चार आधी टेकतात, कॉम्प्युटर यूएसबी २.० म्हणून ओळख पटवून मोकळा होतो आणि कधीकधी तिथेच राहतो. काढा आणि एका दमात पूर्ण आत घाला.

नेमका वेग तपासायचा तर मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये यूएसबी विभाग उघडा. ड्राइव्हसमोर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या स्टोरेज कंट्रोलर्समध्ये 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' दिसायला हवं. ते नसेल तर ड्राइव्ह जुन्या पद्धतीने, एका वेळी एकच आज्ञा घेत चालतोय. छोट्या फाइलींना हे फार जाचतं.

२० जीबीपीएसची एसएसडी घेण्याआधी दोनदा विचार करा. ती जेन २ बाय २ या प्रकाराची असते आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये तसं पोर्टच नसतं. एम१ किंवा एम२ मॅकबुकचं पोर्ट ४० जीबीपीएसचं असलं तरी हा ड्राइव्ह तिथे १० वरच चालतो. जास्तीचे पैसे पाण्यात.

आता दुसरा प्रकार: सुरुवातीला ९०० आणि काही मिनिटांनी दीडशे. याला कारणं दोन. स्वस्त ड्राइव्ह आलेला डेटा आधी वेगवान कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या छोट्या जागेत, घेतो. ती भरली की खरा, संथ वेग उघडा पडतो. क्यूएलसी (स्वस्त, संथ प्रकारची) चिप असेल आणि ड्राइव्ह आधीच भरत आलेला असेल तर हे लवकर होतं, म्हणून वीसेक टक्के जागा मोकळी ठेवा. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क या प्रोग्रामची नेहमीची चाचणी १ जीबीची, ती आख्खी कॅशेत मावते; त्या आकड्यावर जाऊ नका. दुसरं कारण उष्णता. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा खिडकीशेजारच्या टेबलावर ड्राइव्ह तापणारच. टेबल फॅन लावून तीच फाइल पुन्हा टाका. वेग आता बराच उशिरा पडला तर दोष उष्णतेचा. त्याच जागी पडला तर कॅशेचा, त्याला इलाज नाही. एनव्हीएमई (कॉम्प्युटरच्या आत बसणारी वेगवान एसएसडी) बाहेरच्या डबीत, म्हणजे एन्क्लोजरमध्ये, घरी बसवली असेल तर उष्णता बाहेर नेणाऱ्या थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक सोललंय ना, ते उघडून बघा. ते राहून जाणं भलतंच सर्रास आहे.

ड्राइव्ह मध्येच गायब होऊन परत येतो? बहुधा वीज कमी पडतेय. टाइप-ए यूएसबी ३ पोर्ट नेमाने ९०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे साडेचार वॉट, आणि एनव्हीएमई लिहिताना त्याहून जास्त ओढू शकतो. डेस्कटॉपच्या कॅबिनेटचं पुढचं पोर्ट सोडून मदरबोर्डवरचं मागचं वापरा, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. आयफोन १५ प्रोवर थेट ड्राइव्हवर ४के ६० प्रोरेस (अॅपलचा जड व्हिडिओ प्रकार) शूट करायचं तर हीच साडेचार वॉटची मर्यादा, शिवाय किमान २२० एमबीचा सलग लेखनवेग लागतो. फोनच्या खोक्यातली केबल तिथे चालत नाही, ती यूएसबी २.० ची आहे.

ड्राइव्ह लावला की वायरलेस माउस अडखळायला लागला तर घाबरू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडतो. माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या पॉलिसीजमध्ये 'बेटर परफॉर्मन्स' निवडून लेखन थोडं वाढवता येतं. पण मग 'इजेक्ट' केल्याशिवाय काढायचं नाही, आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे करूच नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणाऱ्या भागात राहत असाल तर मुळीच नाही.