पेरिस्टाल्टिक पंपाला किती टॉर्कची मोटर लागेल ते कसं काढायचं

पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे फिरणारे रोलर लवचिक ट्यूब चेपत द्रव पुढे ढकलतात तो, बनवायला घेतला की पहिला प्रश्न मोटर कुठली घ्यायची हाच असतो, आणि बहुतेक जण प्रेशर आणि फ्लो घेऊन हिशोब करायला बसतात. उत्तर येतं एकदम छोटं, मग छोटी मोटर आणतात आणि ती जागच्या जागी गुरगुरत राहते. कारण या पंपात टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, मुख्यतः खाते ती ट्यूब, पाणी नाही. रोलरला ट्यूब पूर्ण चेपून पुढे सरकायचं असतं आणि ते काम पंप कोरडा असला तरी करावंच लागतं.

तरी पाण्याच्या हिश्श्याचा हिशोब आधी करून घेऊ, तो सोपा आहे. प्रेशर गुणिले ट्यूबच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ गुणिले रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंतची त्रिज्या. समजा ट्यूब आतून ६.४ मिमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस मिमी, त्रिज्या ३० मिमी आणि प्रेशर १ बार, म्हणजे जवळपास १० मीटर उंच पाणी चढवायचंय. १,००,००० पास्कल × ०.००००३२ × ०.०३ केलं की ०.०९६ येतं, धरा ०.१ न्यूटन मीटर. किलो-सेंमीमध्ये जेमतेम १. प्रेशर धरताना नुसती उंची धरू नका, पुढची नळी बारीक आणि लांब असेल किंवा द्रव घट्ट असेल तर तिथेही प्रेशर जातं, तेही यात मिळवा.

आता ट्यूबचा हिस्सा. याला कागदावर नीट उत्तर मिळत नाही कारण ट्यूबचं मटेरियल, तिचा कडकपणा, भिंतीची जाडी, किती चेपताय, रोलर किती आणि त्यांना बेअरिंग आहे का, सगळंच त्यात येतं. म्हणून मोजायचं. पंपाचं हेड, म्हणजे रोलर आणि शाफ्टचा भाग, पूर्ण जोडा, ट्यूब बसवा, पण मोटर लावू नका. शाफ्टला एक आडवी पट्टी घट्ट बसवा, मध्यापासून बरोबर १० सेंमीवर भोक पाडा आणि त्यात सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा अडकवा. हेड असं ठेवा की शाफ्ट उभा राहील आणि पट्टी आडवी फिरेल, नाहीतर पट्टीचं आणि काट्याचं वजनही रीडिंगमध्ये शिरतं. मग पट्टीशी काटकोनात, सावकाश ओढत पूर्ण एक फेरी मारा.

फेरी मारताना काट्यावरचा आकडा सारखा वरखाली होताना दिसेल. रोलर ट्यूबवर चढायला लागतो तिथे तो वर जातो, रोलर ट्यूब सोडतो तिथे पडतो. आपल्याला सरासरी नको, सगळ्यात मोठा आकडा हवाय, कारण मोटर अडकते ती तिथेच. समजा तो ६०० ग्रॅम आला, तर ०.६ × ९.८१ × ०.१ म्हणजे ०.५९ न्यूटन मीटर. पाण्याच्या ०.१ च्या शेजारी ठेवून बघा, जवळजवळ सहापट! ट्यूब तशीच चेपलेली रात्रभर राहू द्या आणि सकाळी पहिली हालचाल कितीला होते तेही मोजा, बंद पडून राहिलेला पंप सुरू करायला बऱ्याचदा जास्त जोर लागतो, तसं असेल तर तोच आकडा धरा.

आकडा फारच मोठा आला तर मोटर मोठी करायच्या आधी गॅप बघा. रोलर आणि ट्रॅक (ट्यूब ज्या गोल भिंतीवर चेपली जाते ती) यांच्यामधलं अंतर ट्यूबच्या भिंतीच्या दुप्पट जाडीपेक्षा थोडं कमी हवं, १० ते २० टक्के. भिंत १.६ मिमी असेल तर दुप्पट ३.२, त्यातून १५ टक्के वजा केले की २.७ मिमी. याहून आवळलं तर फ्लो वाढत नाही, फक्त टॉर्क वाढतो आणि ट्यूब लवकर फाटते. रोलर नुसत्या पिनवर घासत असतील तर बॉल बेअरिंग टाका, फरक लगेच काट्यावर दिसतो. चारऐवजी तीन किंवा दोन रोलर केले तरी टॉर्क उतरतो पण धार जास्त धक्क्याधक्क्याने येते, ते चालणार असेल तरच करा.

आता बेरीज, ०.५९ अधिक ०.१ म्हणजे ०.६९, त्याच्या पावणेदोन पट १.२ न्यूटन मीटर, किलो-सेंमीमध्ये १२ च्या आसपास. पावणेदोन ते दोन पट मी नेहमी ठेवतोच, कारण थंडीत ट्यूब कडक होते आणि बदललेली नवी ट्यूब आधीच्यासारखीच असेल असं नसतं.

मोटर निवडताना स्टेपरचा (एकेक टप्प्याने फिरणाऱ्या मोटरचा) होल्डिंग टॉर्क बघून फसू नका, तो थांबलेल्या मोटरचा असतो, वेग वाढला की उतरतो. नेमा १७ या साइजची नेहमीची स्टेपर मोटर ०.४ ते ०.५ न्यूटन मीटरची, ती इथे थेट लावून चालणार नाही. ५:१ चा, म्हणजे वेग पाचपट कमी करणारा प्लॅनेटरी गिअरबॉक्स लावला आणि त्याची एफिशियन्सी ९० टक्के धरली तर मोटरकडून १.२ भागिले ४.५ म्हणजे ०.२७ हवा, पण पंप ६० आरपीएमला फिरवायचा तर मोटर ३०० ला फिरेल, म्हणून मोटरच्या टॉर्क कर्व्हवर (कुठल्या वेगाला किती टॉर्क मिळतो त्या आलेखावर) ३०० आरपीएमपाशी ०.२७ मिळतोय का ते बघायचं, तेही तुमच्या ड्रायव्हरच्या व्होल्टेजला. गिअरबॉक्सचा स्वतःचा रेटेड टॉर्कही १.२ च्या वर हवा. डीसी गिअर मोटर घेणार असाल तर जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर अडकून थांबते तेव्हाचा असतो, सतत देता येणारा रेटेड टॉर्क वेगळा शोधा, आणि तो दिलाच नसेल तर स्टॉलच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त सतत मागू नका, वाइंडिंग तापून जळतं.

ट्यूबचा साइज किंवा मटेरियल बदललं की काटा परत लावा, जुना आकडा नव्या ट्यूबला चालत नाही.